राउटर रिसेट केला, आता नेट कुठे गेलं?

रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या करसल्लागाराच्या कार्यालयातून, मिरजोळे एमआयडीसीतल्या पॅकिंगच्या गाळ्यातून, पावसच्या आंबा बागायतदाराकडून प्रश्न एकच येतो, शब्द तेवढे बदलतात. "नेट हळू चालत होतं म्हणून राउटर रिसेट केला. आता वायफाय दिसतं, मोबाइल जोडलाही जातो, पण खाली 'नो इंटरनेट' येतं. राउटर जळला का?" त्यापाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: "नेट आलं, पण प्रिंटर गेला." आणि तिसरा: "दुकानातले कॅमेरे आता घरून दिसत नाहीत."

राउटर बहुधा जळलेला नसतो. रिसेट झालेला राउटर हा दुकानातून नुकताच आणलेला राउटर असतो. तुमची कंपनी कोणती, तुमचा आयडी काय, प्रिंटर कुठे आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. ही माहिती पुन्हा भरली की तो पूर्वीसारखा चालतो. ती हाताशी असेल तर काम अर्ध्या तासाचं आहे. नसेल तर मात्र फोन कोण उचलतो यावर दिवस अवलंबून राहतो. म्हणून पहिली विनंती: नेट येत नाही म्हणून पुन्हा रिसेट करू नका. पुसलेली पाटी पुन्हा पुसून हाती काही लागत नाही.

आज रिटर्न भरायचंच असेल तर

जीएसटीची ११ किंवा २० तारीख असेल, कोर्टात ई-फायलिंगची मुदत असेल किंवा कुरियरच्या पावत्या काढायच्या असतील, तर दुरुस्ती नंतर करा. मोबाइल चार्जिंगच्या केबलने संगणकाला जोडा आणि मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. टेबलावरच्या जुन्या संगणकाला वायफाय नसलं तरी याने नेट मिळतं. विंडोजमध्ये त्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' ठरवा, म्हणजे पाठीमागून अपडेट उतरवण्यात दिवसाचा डेटा संपणार नाही.

टाचणी कोणत्या डब्यात घातली?

फायबरची जोडणी असलेल्या बऱ्याच कार्यालयांत भिंतीवर दोन डबे असतात. पहिल्यात बाहेरून आलेली केसासारखी बारीक फायबर शिरते. याला ओएनटी म्हणतात, लाइनमन मात्र 'मोडेम' म्हणतात. दुसरा अँटेनांचा, तुम्ही विकत आणलेला वायफाय राउटर. काही ठिकाणी एकाच डब्यात दोन्ही कामं होतात.

तुम्ही फक्त राउटर रिसेट केला असेल तर बहुतेक दुरुस्ती तुम्हालाच जमेल. ओएनटी रिसेट केला असेल तर गोष्ट वेगळी. त्यात कंपनीने भरलेली सेटिंग असते, व्हीलॅनचा क्रमांक असतो, आणि ते पान पुष्कळदा ग्राहकाला उघडताही येत नाही. काही कंपन्यांचे डबे रिसेटनंतर आपली सेटिंग कंपनीकडून स्वतःच मागवून घेतात. म्हणून डबा चालू ठेवून वीस मिनिटं हात न लावता थांबा. तरीही नेट आलं नाही तर सरळ कंपनीला फोन करा आणि "ओएनटी रिसेट झाला आहे, पुन्हा कॉन्फिगर करून द्या" असं सांगा. नुसतं "नेट बंद आहे" म्हणालात तर पलीकडचा माणूस तुम्हाला डबा बंद करून चालू करायला सांगेल आणि तक्रार तिथेच मिटवेल.

बंद करून चालू करणं आणि रिसेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही इथेच लक्षात घ्या. बटण बंद करून मिनिटभराने चालू केलं तर काहीही पुसलं जात नाही. बारीक भोकातलं बटण टाचणीने आठ-दहा सेकंद दाबून धरलं की सगळं पुसलं जातं. काही राउटरवर डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता यंत्र जोडायची सोय) आणि रिसेट ही एकाच बटणाची दोन कामं असतात, हलकं दाबलं तर एक आणि धरून ठेवलं तर दुसरं. 'मी रिसेट केलंच नाही' म्हणणाऱ्यांपैकी काही जण अगदी खरं बोलत असतात ते यामुळेच.

आधी दिवे बघा, मग सेटिंगला हात लावा

ओएनटीवरचे दिवे बिघाड आत आहे की बाहेर हे सांगतात. ते न बघता राउटरशी झटापट करण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

- पॉवरचा दिवा नाही किंवा डबा सारखा बंद-चालू होतो: अडॅप्टर बघा. ओएनटी आणि राउटरच्या अडॅप्टरची पिन बहुधा सारखीच असते, पण एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ व्होल्टचा असू शकतो. साफसफाईत त्यांची अदलाबदल होते. डब्याखालच्या स्टिकरवरचा आकडा आणि अडॅप्टरवरचा आकडा जुळवा.
- 'लॉस' हा दिवा लाल: फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर तुटली आहे, फार वाकली आहे किंवा निसटली आहे. रिसेटशी याचा काही संबंध नाही आणि राउटरवर तासभर घालवूनही उपयोग नाही. कंपनीला कळवा.
- 'पॉन' हा दिवा सारखा लुकलुकतो: डबा पलीकडच्या यंत्राशी ओळख पटवायचा प्रयत्न करतो आहे. पाच-दहा मिनिटांत स्थिर झाला नाही तर फोन करा.
- 'पॉन' स्थिर हिरवा, 'लॉस' बंद: बाहेरची लाइन ठीक आहे. घोटाळा आतल्या सेटिंगचा. पुढे वाचा.

फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर धरू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. ते टोक शर्टाला पुसून परत लावू नका आणि हिरव्या रंगाच्या जोडाच्या जागी निळा जोड बसवायचा प्रयत्नही करू नका. दोन्हींच्या टोकांचा काप वेगळा असतो.

केबल योग्य भोकात आहे ना?

ओएनटीकडून आलेली केबल राउटरच्या 'वॅन' भोकातच हवी. हे भोक सहसा वेगळ्या रंगाचं असतं किंवा बाकीच्या चारांपासून थोडं लांब असतं. रिसेटच्या गडबडीत डबा भिंतीवरून काढला जातो, केबल निघतात आणि परत लावताना ही केबल 'लॅन'मध्ये जाते. मग एकाच कार्यालयात दोन डबे संगणकांना पत्ते वाटू लागतात. एका टेबलावर नेट चालतं, शेजारच्या टेबलावर नाही, आणि सकाळचं चित्र दुपारी उलटं होतं. इतकं चमत्कारिक काही दिसलं तर पहिला संशय याच केबलवर घ्या.

मांडवी, मिरकरवाडा भागात किंवा समुद्राकडे खिडकी असलेल्या कार्यालयात केबलची टोकंही तपासा. खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो. असं टोक कापून नवं बसवून घ्यायला फारसा खर्च येत नाही.

राउटरचं पान उघडत नाही?

डब्याखालच्या स्टिकरवर पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड छापलेला असतो. टीपी-लिंक आणि डी-लिंकच्या बऱ्याच राउटरचा पत्ता १९२.१६८.०.१ असतो, पुष्कळशा ओएनटींचा १९२.१६८.१.१, तर जिओच्या डब्याचा १९२.१६८.२९.१. हे आकडे ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत टाइप करा, गूगलच्या शोधाच्या चौकटीत नको.

शक्यतो संगणक केबलने राउटरच्या लॅन भोकात जोडून हे काम करा. मोबाइलवरून करणार असाल तर मोबाइल डेटा बंद ठेवा. या वायफायवर नेट नाही हे कळलं की मोबाइल न विचारता डेटावर जातो आणि तुम्ही कितीही वेळा पत्ता टाकला तरी राउटरचं पान उघडत नाही. राउटर खराब झाला असं ठरवून नवा आणायला निघण्याआधी एवढं एक करून बघा.

खरी गाठ: आयडी आणि पासवर्ड

पान उघडलं की 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या भागात जोडणीचा प्रकार विचारतात. तीन शक्यता असतात.

१. पीपीपीओई: राउटर स्वतः आयडी-पासवर्ड देऊन कंपनीकडे नोंद करतो. बीएसएनएलची फायबर आणि अनेक स्थानिक केबलवाल्यांची जोडणी अशी असते.

२. डायनॅमिक आयपी: ओएनटीने आधीच नोंद केलेली असते, राउटरने फक्त त्याच्याकडून पत्ता घ्यायचा. इथे काहीच भरावं लागत नाही.

३. स्टॅटिक आयपी: जादा पैसे भरून कायमचा पत्ता घेतला असेल तर. तो पत्ता, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे आकडे कंपनीने लिहून दिलेले असतात. काही कंपन्या कायमचा पत्ताही पीपीपीओईवरूनच देतात, त्यामुळे आधी विचारून घ्या.

आपला प्रकार कोणता हे आठवत नसेल तर राउटर बाजूला ठेवून लॅपटॉप केबलने थेट ओएनटीला जोडा. लगेच नेट आलं तर प्रकार दुसरा, राउटरवर 'डायनॅमिक आयपी' निवडा. नाही आलं तर बहुधा पहिला. रिसेटनंतर राउटर अनेकदा आपोआप 'डायनॅमिक आयपी'वर जातो. वायफाय दिसतं पण नेट नाही या तक्रारीचं सर्वांत जास्त वेळा आढळणारं कारण हेच: राउटर पत्ता मिळण्याची वाट बघत बसतो आणि पलीकडे आयडीची वाट बघितली जात असते.

आयडी शोधायचा कुठे? जोडणी घेतानाच्या एसएमएसमध्ये, ईमेलमध्ये, बिलावर किंवा अर्जाच्या प्रतीवर. बीएसएनएलच्या फायबरच्या आयडीला 'अॅट एफटीटीएच डॉट बीएसएनएल डॉट इन' असं शेपूट असतं. ते न लिहिता नुसता पुढचा भाग भरला तर नोंद होत नाही. पासवर्डमधलं अक्षर लहान-मोठं झालं तरी तेच. संगणकावरूनच नेट डायल करत असाल तर विंडोजची ६९१ ही चूक म्हणजे आयडी किंवा पासवर्ड चुकला, आणि ६५१ म्हणजे पलीकडचं यंत्रच सापडत नाही, अर्थात केबल किंवा लाइन बघा.

आयडी-पासवर्ड बरोबर असूनही नोंद होत नसेल तर दोन गोष्टी तपासा.

- जुनं सत्र अडकलेलं असतं. तुमचा राउटर अचानक बंद झाला तरी कंपनीच्या यंत्राला तुम्ही अजून जोडलेलेच आहात असं वाटतं, आणि एका आयडीवर एकच जोडणी चालते. राउटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, मग चालू करा.
- मॅक पत्ता बांधलेला असतो. प्रत्येक यंत्राला बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा मॅक पत्ता असतो. काही केबलवाले तोच नोंदवून ठेवतात आणि दुसऱ्या यंत्राला नेट देत नाहीत. जोडणी देताना लाइनमनने राउटरमध्ये एखाद्या संगणकाचा मॅक पत्ता उतरवून ठेवला असेल, तर रिसेटमध्ये तोही गेला. केबलवाल्याला फोन करून राउटरच्या स्टिकरवरचा मॅक पत्ता नव्याने नोंदवायला सांगा. त्याच्या बाजूने हे दोन मिनिटांचं काम आहे.

पासवर्ड हरवला असेल तर कंपनी तो बदलून देते. नोंदवलेला मोबाइल क्रमांक मात्र चालू हवा. जोडणी पाच वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या कारकुनाच्या नंबरवर घेतलेली असेल, तर आधी तो नंबर बदलून घेण्याचा अर्ज द्या. छोट्या कार्यालयांत हे सर्रास घडतं आणि कळतं ते नेमकं अशा दिवशी.

नोंद झाली, तरी साइट उघडत नाहीत

राउटरच्या 'स्टेटस' पानावर वॅनचा आयपी पत्ता बघा. तिथे सगळी शून्यं असतील तर मागच्या भागात परत जा. पत्ता आलेला असेल तर बाहेरचं काम झालं, आता अडचण आतली.

*दोन्ही डब्यांचा पत्ता एकच झाला.* ओएनटी १९२.१६८.१.१ आणि रिसेटनंतर राउटरही १९२.१६८.१.१. मग कोणता पत्ता कोणाचा हे राउटरला ठरवता येत नाही. राउटरच्या 'लॅन' भागात जाऊन तिसरा आकडा बदला, १९२.१६८.२.१ करा. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर नव्या पत्त्यावर उघडेल. मात्र कार्यालयात आधी राउटरचा पत्ता काय होता हे ठाऊक असेल तर तोच ठेवा. त्याचं कारण प्रिंटरच्या भागात येईल.

*डीएनएस.* विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पिंग ८.८.८.८ असं इंग्रजीत टाइप करा. उत्तर आलं पण साइट उघडत नाहीत, तर नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा चालत नाही. राउटरच्या डीएनएस रकान्यात ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा.

*काही साइट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात.* पीपीपीओई असेल तर एमटीयू हा आकडा १४९२ आहे का बघा, १५०० असेल तर बदला. बँकेची साइट पांढरी पडून राहते आणि यूट्यूब मात्र छान चालतं, अशा वेळी हे नक्की तपासा.

*एकाच संगणकावर नेट नाही.* त्याचा पत्ता बघा. १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरकडून त्याला पत्ता मिळालेलाच नाही. पूर्वी कोणीतरी त्या संगणकात हाताने पत्ता भरून ठेवला असेल तर तो काढून 'आपोआप' निवडा.

वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा

नेट आल्यावर नवं नाव देण्याचा मोह होतो. आवरा. रिसेटपूर्वीचं नाव, अक्षरन् अक्षर तसंच, आणि पासवर्डही तोच दिलात तर मोबाइल, लॅपटॉप, प्रिंटर, हजेरीचं बोटाचं यंत्र, कार्ड स्वाइप करायचं यंत्र ही सगळी मंडळी आपणहून परत जोडली जातात. दहा यंत्रांच्या इवल्याशा पडद्यांवर पासवर्ड टिचकावत बसावं लागत नाही. जुना पासवर्ड राउटरवर गेला असला तरी जोडलेल्या लॅपटॉपमध्ये जपलेला असतो, विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये 'शो कॅरेक्टर्स' केलं की दिसतो. तो पासवर्ड गल्लीभर माहीत झालेला असेल तर मात्र नवा द्या आणि दहा यंत्रांचा त्रास सहन करा.

तरीही जी यंत्रं रुसून बसतात त्यांची कारणं ठरलेली आहेत.

- प्रिंटर 'ऑफलाइन': त्याला पूर्वी कायमचा पत्ता दिलेला असतो, समजा १९२.१६८.१.५०. रिसेटनंतर राउटर १९२.१६८.०.१ झाला, तर हे दोघे वेगवेगळ्या मोहल्ल्यांत गेले. राउटरचा पत्ता जुन्या मोहल्ल्यात परत आणणं हा सर्वांत कमी कष्टाचा उपाय. नाहीतर प्रिंटरचा पत्ता बदला आणि प्रत्येक संगणकावर तो नव्याने जोडा.
- प्रिंटर किंवा हजेरीयंत्राला वायफायच सापडत नाही: जुनी यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय ओळखतात. रिसेटनंतर ते बंद तर झालं नाही ना, किंवा सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३ तर झाला नाही ना, हे बघा. डब्ल्यूपीए२ ठेवा.
- टॅली किंवा सामायिक फोल्डर दुसऱ्या संगणकावरून उघडत नाही: विंडोजला हे नवं नेटवर्क वाटतं आणि ते त्याला 'पब्लिक' ठरवून सगळं बंद करतं. दोन्ही संगणकांवर 'प्रायव्हेट' निवडा. मुख्य संगणकाचा पत्ता बदलला असेल तर टॅलीतही तो बदलावा लागेल.
- कॅमेरे बाहेरून दिसत नाहीत: कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउड अॅपवर चालणारे कॅमेरे नेट आलं की दिसू लागतात. राउटरमध्ये पोर्ट उघडून ठेवलेले असतील तर ती सेटिंग पुन्हा भरावी लागेल. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यामध्ये सुरू होत असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता आहे, त्यावर पोर्ट उघडून काहीही होणार नाही. कायमचा पत्ता विकत घ्या किंवा क्लाउड अॅप वापरा.

आणि एक, रिसेटशी थेट संबंध नसलेलं. जांभ्याच्या जाड भिंतींतून वायफाय फार पोहोचत नाही. राम आळीतल्या जुन्या दुकानांत मागच्या खोलीत रेंज नाही म्हणून रिसेट करणारे बरेच आहेत. त्याने भिंत पातळ होत नाही. मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे जुना राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा आणि केबल त्याच्या लॅन भोकात घाला, इथे वॅनमध्ये नाही.

वायफाय उघडं सोडू नका

काही राउटर रिसेटनंतर विनापासवर्ड सुरू होतात. "उद्या लावू पासवर्ड" म्हणून कोणी तसंच सोडतं. २६ जुलै २००८ला अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. तपास पोहोचला नवी मुंबईतल्या सानपाड्यात, एका अमेरिकी नागरिकाच्या घरी, कारण ईमेल त्याच्या वायफाय जोडणीवरून गेला होता. त्याचं वायफाय दुसऱ्यांनी वापरलं होतं, पण पोलिसांचं पहिलं पाऊल त्याच्याच दारात पडलं. पत्ता जोडणीच्या मालकाचा निघतो, वापरणाऱ्याचा नाही.

त्यामुळे त्याच बैठकीत एवढं उरका: वायफायला किमान बारा अक्षरांचा पासवर्ड, राउटरच्या पानाचा 'अॅडमिन' हा मूळ पासवर्ड बदलणं, डब्ल्यूपीएस बंद, बाहेरून राउटर उघडण्याची सोय बंद. येणाऱ्या-जाणाऱ्या ग्राहकांसाठी 'गेस्ट' वायफाय वेगळं. सेतू किंवा आपले सरकार केंद्र चालवत असाल तर हे टाळूच नका, तुमच्या संगणकांवर लोकांची कागदपत्रं असतात.

लाइनमन येत नाही तेव्हा

तक्रार फोनवर, अॅपवर किंवा लेखी कशीही द्या, पण डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घ्या. स्थानिक लाइनमनला व्हॉट्सअॅपवर "नेट नाही" लिहिणं ही तक्रार होत नाही, तिची कुठे नोंद नसते. लाइनमनशी संबंध जरूर चांगले ठेवा, वेळेला तोच उपयोगी पडतो. पण नोंद वेगळी हवी. बीएसएनएलच्या फायबरचं जागेवरचं काम पुष्कळ ठिकाणी खासगी भागीदार बघतात, तरी तुमचा करार बीएसएनएलशी असतो आणि तक्रारही तिथेच जाते. केबलवाल्याचं नेट असेल तर बिलावर परवानाधारक कंपनीचं नाव बघा. पावतीच देत नसेल तर तुमच्या हक्काला आधार उरत नाही, हे पुढच्या वर्गणीचे पैसे देताना आठवा.

लाइनमन आला की "पॉवर किती येते?" असं विचारा. मीटरवर उणे २७च्या पलीकडे, म्हणजे उणे २८, उणे ३० असा आकडा असेल तर लाइन अशक्त आहे आणि आज सुरू केलेलं नेट पुढच्या पावसात पुन्हा जाईल. जोड नव्याने करून घ्या. तो आकडा तारखेसह लिहून ठेवा.

दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२च्या तक्रारनिवारण नियमांनुसार बीएसएनएल, जिओ, एअरटेल यांसारख्या कंपन्यांना दोन पायऱ्यांची व्यवस्था ठेवावी लागते.

- पहिली पायरी तक्रार केंद्र. इथे डॉकेट नंबर देणं बंधनकारक आहे.
- तिथे समाधान झालं नाही किंवा मुदतीत उत्तर आलं नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येतं. त्याला शुल्क नाही आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. वकील लागत नाही.
- तारेवरच्या जोडणीचा बिघाड तीन दिवसांपेक्षा जास्त लांबला तर भाड्यात सूट देण्याची तरतूद ट्रायच्या नियमांत आहे. ती बिलात आपोआप दिसली नाही तर डॉकेट नंबर दाखवून मागा.

ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे पत्र पाठवून वाट बघत बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानेही काम झालं नाही तर रत्नागिरीत जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराचे वाद ग्राहक आयोगापुढे चालतात, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२मध्ये व्होडाफोन आयडियाच्या खटल्यात स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही. छोट्या कार्यालयांनी मात्र एक अडथळा आधीच ओळखावा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी सेवा घेणारा 'ग्राहक' ठरत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून केलेला वापर त्यातून वगळलेला आहे, पण कायद्याच्या शब्दांत हा अपवाद वस्तूंच्या वापरापुरता आहे. एकट्याने झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवणाऱ्याची बाजू इथे तुलनेने भक्कम, वीस माणसांच्या कंपनीची कमकुवत. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ही जोडणी तुमच्या उपजीविकेसाठी आहे, हे तसं असेल तर लिहा.

मेच्या अखेरीस करायची कामं

आपल्याकडे नेट जाण्याला हंगाम असतो. मेअखेर आणि ऑक्टोबरमध्ये विजा, जून ते सप्टेंबर पाऊस आणि पडलेल्या फांद्या, शिवाय महामार्गाच्या खोदकामात तुटणारी फायबर. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडकडच्या लोकांनी किती दिवस संपर्काविना काढले, हे ते विसरलेले नाहीत. अशा वेळी रिसेट करून काहीही हाती लागत नाही, उलट लाइन आल्यावर तुमचंच नेट तेवढं बंद राहतं. आजूबाजूच्या दोन दुकानांत विचारा, त्यांचंही नेट गेलं असेल तर टाचणी टेबलावरच ठेवा.

गडगडाट सुरू झाला की दोन्ही डब्यांचे अडॅप्टर सॉकेटमधून उपटा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. फायबरमधून वीज येत नाही, पण विजेच्या वायरीतून आणि गच्चीवरच्या कॅमेऱ्याच्या केबलमधून येते. डब्यांसाठी छोटा डीसी यूपीएस घ्या. महावितरणची वीज दहा वेळा आली-गेली तरी नेट तुटत नाही आणि 'नेट अडकलं' म्हणून रिसेट करायची वेळच येत नाही.

राउटर चालू अवस्थेत असतानाच त्याच्या 'बॅकअप' पर्यायातून सेटिंगची फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढच्या वेळी रिसेट झाला तर 'रिस्टोअर' म्हणून तीच फाइल चढवा. राउटर तोच असेल तर वर लिहिलेल्यातलं जवळजवळ काहीच करावं लागणार नाही. त्याखेरीज एका कागदावर पुढील गोष्टी लिहा: जोडणीचा प्रकार, आयडी, राउटरचा लॅन पत्ता, प्रिंटर आणि टॅलीच्या संगणकाचे पत्ते, नोंदवलेला मोबाइल क्रमांक, कंपनीचा तक्रार क्रमांक. पासवर्ड त्या कागदावर नको, तो मालकाच्या वहीत. कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर घाला आणि फाइलींच्या कपाटात आतून चिकटवा. राउटरवर चिकटवलात तर उष्णतेने डिंक सुटेल आणि कागदाबरोबर मुंग्याही आत जातील.